तराजूराव कॉलेज तपासतात

धाकटीनं नर्स व्हायचं ठरवलं ही बातमी सकाळी घराबाहेर पडली आणि दुपारपर्यंत इमारतीतली निम्मी माणसं आजारी पडली.

अतिशयोक्ती वाटत असेल तर खुशाल वाटू द्या. पण आदल्या दिवसापर्यंत दोन-दोन पायऱ्या एकदम चढणारे माजी मुख्याध्यापक त्या दिवशी कठड्याला धरून, मध्ये दोनदा विसावा घेऊन वर आले. दारात उभे राहून त्यांनी आधी स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहिलं, मग धाकटीकडे पाहिलं, जणू दोघांचं लग्न जुळवायचं आहे. त्यांच्या मागोमाग खालच्या मजल्यावरच्या काकू रक्तदाबाचं यंत्र काखोटीला मारूनच आल्या. विमा एजंट आला तो नुसताच आला. त्याला काही होत नसे, जे काही व्हायचं ते इतरांना होई.

धाकटी म्हणजे तराजूरावांची मुलगी. तिच्या आधी कोणी नव्हतं, नंतरही कोणी झालं नाही, तरी नाव पडलं ते पडलं. तराजूराव हेही काही खरं नाव नव्हे. ते वजनमापं तपासणारे सरकारी निरीक्षक. बाजाराच्या एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाला ठेवलेलं किलोचं वजन आतून पोखरलेलं आहे, हे त्यांनी एकदा नुसत्या आवाजावरून ओळखलं होतं म्हणे. त्या दुकानदारानं पुढं दुकान विकून गणिताच्या शिकवण्या काढल्या असंही सांगतात. घरात येणारी प्रत्येक वस्तू त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय आत येत नसे. बायकोला पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "आपण बसताना डावीकडे का झुकता?" तिनं सांगितलं, "खुर्चीचा पाय आखूड आहे." त्यांनी खुर्ची उलटी करून पाहिली. पाय खरंच आखूड निघाला, म्हणून तर संसार झाला.

आता पेच असा होता. घरापासून चालत जाता येईल इतक्या जवळ नर्सिंगची एक शाळा होती. तिथं तीन वर्षांचा डिप्लोमा. दुसरं कॉलेज अर्ध्या दिवसाच्या प्रवासावर, मोठ्या शहरात, मोठ्या रुग्णालयाला जोडलेलं. तिथं चार वर्षांची पदवी आणि राहायला वसतिगृह. धाकटीला हवं होतं दुसरं. तराजूरावांना हवं होतं पहिलं. का हवं होतं, हे ते कुणाला सांगत नव्हते. कारण विचारलं की शिक्षणपद्धती, पाणी, हवामान असं काहीतरी बोलत आणि बोलता बोलता धाकटीच्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवत.

"तीन वर्षांचंच घ्या," मुख्याध्यापक म्हणाले. "पदवी म्हणजे चार. माझे गुडघे चार वर्षं काढतील असं मला दिसत नाही."

"सर, शिकायचंय पोरीला की तुमच्या गुडघ्यांना?" तराजूरावांच्या बायकोनं विचारलं.

"माणसानं समाजाचाही विचार करावा, वहिनी."

"मी म्हणते पदवीच करू दे," काकू म्हणाल्या. "माझं सध्या बरं चाललंय. खरं मोठं दुखणं मी चार-पाच वर्षांनी काढणार आहे. तोवर नीट शिकून येईल. अर्धवट शिकलेलीच्या हातात मी काही माझा दंड द्यायची नाही."

विमा एजंटानं घसा साफ केला. "मधला मार्ग आहे. आधी इथं डिप्लोमा करायचा, मग वरची दोन वर्षं करून पदवी घ्यायची. तीन वर्षांनी सरांची सोय, पाच वर्षांनी काकूंची. आणि पाच वर्षांत या इमारतीत काय काय होणार आहे, याचा मला साधारण अंदाज आहे." असं म्हणून त्यानं मुख्याध्यापकांकडे इतक्या हळहळीनं पाहिलं, की सर गुडघेबिडघे विसरून ताडकन उठले आणि तरातरा घरी गेले.

"मला कुणी विचारणार आहे का?" धाकटी म्हणाली. "बाबा, त्या कॉलेजात पहिल्याच वर्षी वॉर्डात उभं करतात. इथल्या शाळेच्या दवाखान्यात म्हणे पेशंटच येत नाहीत."

"म्हणजे गाव निरोगी आहे. चांगलीच गोष्ट आहे."

"बाबा!"

"तपासून ठरवू," तराजूराव म्हणाले. या दोन शब्दांपुढं घरात अपील नसे.

तपासणीची त्यांची एक रीत होती. निरीक्षक म्हणून दुकानात गेलं की दुकानदार खरी वजनं बाहेर काढतो. म्हणून जायचं ते गिऱ्हाईक होऊन. पिशवी घ्यायची, दोन दिवसांची दाढी राखायची, भावात घासाघीस करायची आणि माल हातात आल्यावर ओळखपत्र काढायचं. हीच रीत नर्सिंगला लावायची तर गिऱ्हाईक कोण? पेशंट. विचार बिनतोड होता.

"म्हणजे तुम्ही आजारी पडणार?" बायकोनं विचारलं.

"पडल्यासारखं करणार."

"ते जमेल तुम्हाला. माझ्या माहेरी गेलं की तुम्ही तेच करता."

जवळच्या शाळेत तराजूराव लंगडत गेले. लंगडण्याचा सराव त्यांनी घरात आरशासमोर केला होता. त्यामुळं आरशात उजवा दिसलेला पाय नेमका कोणता, याबद्दल त्यांचाच थोडा गोंधळ होता. फाटकापर्यंत ते डावा पाय ओढत गेले आणि पायऱ्या उजवा ओढत चढले. पण कुणाला ते कळलं नाही, कारण दारातल्या मुलीनं त्यांना पाहताच आत वळून आरोळी ठोकली होती, "अगं, पेशंट! खराखुरा!"

मग जे झालं ते तराजूराव पुढं बरीच वर्षं कुणाला पूर्ण सांगू शकले नाहीत. चारही बाजूंनी मुली धावत आल्या. कुणी त्यांना उचलून बाकावर बसवलं, कुणी आडवं केलं, कुणी पुन्हा बसवलं. कोपऱ्यात एका स्टुलावर शाळेचा पुतळा बसला होता. त्याला एकच हात होता आणि खालचा जबडा गेलेला होता. या सगळ्या मुली त्याच्यावरच शिकलेल्या होत्या. बिचाऱ्यांचा त्यात काय दोष? पण पुतळ्यावर शिकण्याचे काही परिणाम होतात.

पट्टी घोट्यापासून निघाली. पोटरीला वळसे घालत गुडघ्यापाशी आली. तिथं थांबेल असं तराजूरावांना वाटलं. ती थांबली नाही. "काका, हलू नका, छान जमतंय," एक मुलगी म्हणाली आणि कुणीतरी पट्टीचा दुसरा गुंडाळा आणायला पळालं. तेवढ्यात एकीनं पाय जिकडं वाकत नाही तिकडं वाकवून पाहिला.

"आई गं!" तराजूराव ओरडले.

मुलीनं पायच सोडून दिला. "बाई, हे ओरडतात!"

डोक्याशी उभी असलेली एक मुलगी इतका वेळ त्यांचं डोकं दोन्ही हातांत धरून सावकाश डावीकडं फिरवत होती.

"ते निघत नाही, बाळ," तराजूराव म्हणाले.

"सॉरी, काका. सवयीनं झालं."

बाहेर पडले तेव्हा त्यांचा पाय कमरेपासून घोट्यापर्यंत वासा झालेला होता. तो वाकेना, म्हणून रिक्षात मावेना. एक पाय रिक्षाबाहेर काढून जावं तर रिक्षावाला म्हणाला, "साहेब, एवढं लांब सामान असेल तर टेम्पो बघा." शेवटी ते चालतच घरी आले, एखादं दार स्वतःच्याच बिजागरीवर फिरत पुढं सरकावं तसे. जिन्यात मुख्याध्यापक भेटले. त्यांच्या चेहऱ्यावर सहानुभूतीचा लवलेश नव्हता, निखळ हेवा होता.

"अशी कुठं बांधून मिळते हो?" त्यांनी विचारलं.

पट्टी सोडायला बायको आणि धाकटी दोघी लागल्या. धाकटीनं टोक शोधून काढलं आणि बाबांना भोवऱ्यासारखं फिरवत ती सोडवली. "कुठं पडलात?" तिनं विचारलं. "बाजारात," तराजूराव म्हणाले. तिनं घोटा चाचपून पाहिला. सूज नव्हती. तिनं पट्टीची गुंडाळी केली. ती स्वयंपाकघरात गेल्यावर बायकोनं हळूच विचारलं, "मग? शाळा कशी आहे?"

आता तुम्ही-आम्ही असतो तर म्हणालो असतो, उत्तम आहे, घराजवळ आहे, पोरी प्रेमळ आहेत. तिथल्या तिथं प्रश्न मिटला असता आणि धाकटी रोज संध्याकाळी घरी जेवायला आली असती. पण तराजूरावांनी जन्मभर कधी खोट्या मापावर शिक्का मारला नव्हता.

"तिथं नको," ते म्हणाले, आणि एवढं बोलायला त्यांना पट्टी सोडवून घेण्यापेक्षा जास्त त्रास झाला.

आता एकच आशा उरली होती. लांबचं कॉलेजही खोटं निघावं. दोन्ही दुकानं बाद झाली तर गिऱ्हाईक घरीच बसेल, निदान यंदा तरी. खोट शोधणं हे त्यांचं रोजचं काम होतं. पण ती सापडू दे म्हणून हात जोडायची पाळी त्यांच्यावर पहिल्यांदाच आली होती.

धाकटीला मुलाखतीचं बोलावणं आलं. तराजूरावांनी घरी दौरा असल्याचं सांगितलं, बायकोला मुलीसोबत जायला सांगितलं आणि स्वतः त्याच दिवशी आधीची बस पकडली. दिवसही मुद्दाम तोच निवडला. गर्दीच्या दिवशी दुकानदाराचा हात चुकतो, हा त्यांच्या खात्यातला जुना अनुभव होता.

या खेपेला लंगडण्याच्या भानगडीत न पडता त्यांनी पोट निवडलं होतं. पोट आतलं असतं, कुणाला दिसत नाही. पण रुग्णालयाच्या खिडकीवरचा कारकून पोटांना सरावलेला होता.

"नवं दुखणं की जुनं?" त्यानं विचारलं.

"का?"

"नवं असेल तर ही खिडकी. जुनं असेल तर पलीकडची."

खोटं बोलायचं ठरवून आलेला प्रामाणिक माणूस अशा ठिकाणी फार अडतो. "ठरलं परवा," तराजूराव म्हणाले, "पण दुखायचंय आजपासून."

"मग पलीकडं जा."

पलीकडच्या बाईंनी सांगितलं, परवाचं म्हणजे नवंच धरतात, अलीकडं जा. अलीकडचा कारकून म्हणाला, तुम्हाला एकदा जुन्यात पाठवलंय, आता तुम्ही जुने झालात. अशा दोन-तीन फेऱ्या झाल्या. शेवटच्या फेरीत कुणीतरी त्यांच्या खांद्याला हात लावला. साखळीनं चष्मा गळ्यात अडकवलेल्या, पांढऱ्या कोटातल्या एक बाई मागं उभ्या होत्या. त्या नर्सिंग कॉलेजच्या प्राचार्या होत्या, हे तराजूरावांना नंतर कळलं.

"मी मघापासून बघतेय," बाई म्हणाल्या. "पहिल्या खिडकीपाशी तुम्ही उजवीकडं हात धरला होता. दुसऱ्या खिडकीपाशी डावीकडं. आता मधोमध. पोट असं हिंडत नाही."

तराजूरावांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. इतक्या वर्षांच्या नोकरीत ते दुसऱ्यांना पकडत आले होते. पकडलं गेल्यावर माणसानं हात कुठं ठेवायचे असतात हेही त्यांना माहीत नव्हतं.

"तुम्हाला काही झालेलं नाही," बाई पुढं म्हणाल्या. "फार बरं झालं. घाई नसेल तर तासभर पडून राहाल? आज आमच्याकडे नव्या मुलींच्या मुलाखती आहेत. मी त्यांना पुस्तकातलं विचारत नाही. खाटेवरच्या माणसापाशी नेऊन उभं करते आणि बघते. नेहमीचा एक पेशंट तयार झाला होता, पण तो आज सकाळी बरा होऊन निघून गेला."

तराजूरावांना आनंद लपवता येईना. थेट दुकानाच्या आतून तपासणी! "राहतो की," ते म्हणाले.

आनंद कपडे बदलेपर्यंत टिकला. रुग्णाचा अंगरखा पाठीमागून नाड्यांनी बांधायचा होता आणि बांधूनही पाठ बरीचशी मोकळीच राहत होती. त्यांची पँट एका पिशवीत घालून कुणीतरी घेऊन गेलं. पँटीबरोबर ओळखपत्रही गेलं. खाटेवर उरला तो नुसता एक माणूस, पोटऱ्या बारीक असलेला.

दुसऱ्या वर्षाच्या दोन मुली आल्या आणि म्हणाल्या, "काका, चादर बदलतो. तुम्हाला उठायचं नाही."

"मी पडलेला असताना? कशी बदलणार?"

"बघाच."

"काका, आता माझ्याकडे वळा, मी धरलंय," एक म्हणाली. ते वळले. पाठीमागं जुनी चादर गुंडाळत आली, तिच्या मागं नवी पसरत आली. "आता मधला उंचवटा लागेल, घाबरू नका. आता तिकडं वळा." ते तिकडं वळले आणि जुनी चादर गेली. हात लावण्याआधी दर वेळी सांगत होत्या. मोकळी पाठ दिसणार नाही अशा बेतानं एकजण सारखं पांघरूण धरून होती. तराजूरावांनी अंगठ्यानं चादर दाबून पाहिली. सुरकुती नव्हती. खाली वाकून कोपरा पाहिला. घट्ट, तिरका, नेमका. खाटेखाली धूळ शोधली. मुद्दाम पाणी मागितलं, आलं. फार गार आहे म्हणाले, कोमट आलं. आता नकोच म्हणाले, तर ती मुलगी, "बरं, झाकून ठेवते, हवं तेव्हा सांगा," म्हणून हसून निघून गेली. तराजूराव छताकडं पाहत पडून राहिले. छतालाही पोपडे नव्हते.

मग मुलाखती सुरू झाल्या. बाई पायथ्याशी खुर्ची टाकून बसल्या. पहिली मुलगी आली, तिनं सगळा वेळ बाईंकडं बघत तराजूरावांच्या अंगरख्याच्या बाहीवर नाडी शोधली. दुसरी बडबडी होती. "पोटात दुखतंय का काका? माझ्या आत्यालाही सुरुवातीला असंच व्हायचं," ती म्हणाली.

"मग आता बऱ्या आहेत?"

"आता नाहीयेत त्या."

तिसऱ्या खेपेला दार उघडलं आणि धाकटी आत आली.

तराजूरावांनी पांघरूण नाकापर्यंत ओढलं. नाकाच्या वरचाच भाग ओळखीचा असतो, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. धाकटी दारात एक क्षण थबकली. मग खाटेपाशी आली, "नमस्कार काका" म्हणाली. तिनं त्यांना उघडं पाडलं नव्हतं. तिनं मनगट हातात घेतलं, भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं आणि ओठ न हलवता मोजत राहिली.

"काय दिसतं?" बाईंनी विचारलं.

"नाडी जलद आहे. ताप नाही. हात गार आहेत. दुखत नसावं कुठं."

"मग?"

"घाबरलेत."

"कशाला?"

"विचारते," धाकटी म्हणाली. तिनं स्टूल ओढलं आणि बसली, चेहऱ्यासमोर चेहरा येईल अशी. मनगट सोडलं नाही. "काका, कसली भीती वाटते तुम्हाला?"

खाटेवरून उठून पळावं तर पँट नव्हती. तराजूरावांनी पांघरूण हनुवटीपर्यंत खाली घेतलं.

"माझी मुलगी," ते शेवटी म्हणाले, "शिकायला लांब जायचं म्हणतेय."

"एकटीच आहे का मुलगी?"

"एकटीच. धाकटी."

"तिथलं कॉलेज तिला आवडलंय?"

"फार."

"आणि तुम्हाला?"

बाई ऐकत होत्या. दाराशी त्या चादर बदलणाऱ्या दोघी उभ्या होत्या. तिला थांबवायला एक शब्द पुरला असता. पाणी जड आहे, खिडक्यांवर गोंधळ आहे, अंगरख्याला पाठ नाही. म्हणण्यासारखं पुष्कळ होतं. धाकटी त्यांच्याकडं बघत होती आणि तिच्या बोटांखाली त्यांची नाडी धावत होती.

"चांगलं आहे," तराजूराव म्हणाले. "खोट सापडली नाही. फार शोधली हो, पण नाही सापडली."

"मग पाठवाल तिला?"

त्यांनी होकाराची मान हलवली. धाकटीनं झाकलेलं पाणी त्यांना दिलं, उशी सारखी केली, आणि डोळ्यांत आलेलं डोळ्यांतच ठेवून उभी राहिली.

"रुग्णाला बरं वाटेल, बाई," ती म्हणाली. "पण वेळ लागेल."

"किती?"

"चार वर्षं."

बाईंनी चष्मा लावून खाटेकडं पाहिलं, मग धाकटीकडं पाहिलं, दोघांची नाकं ताडून पाहिली आणि पुढच्या मुलीला आत बोलावलं.

पुढची मुलगी हुशार होती. आली, मनगट नेमकं पकडलं, नेमकं मोजलं, जीभ पाहिली, पोट चाचपलं. पेशंटच्या गालावरून पाण्याचा ओघळ उशीपर्यंत पोचला होता. तिकडं मात्र तिचं लक्ष गेलं नाही.

"यांना काहीही झालेलं नाही," तिनं ठणकावून सांगितलं.

बाई तोंड उघडणार, तेवढ्यात पांघरुणातून आवाज आला.

"नापास!"